नऊ विहिरींचं पाणी

पाण्याचं पृथक्करण शिकायला नागपूरला कशाला जावं लागतं, हा प्रश्न आमच्या गावातल्या प्रत्येक माणसानं मला निदान एकदा तरी विचारला आहे. पारावर बसणाऱ्या एका म्हाताऱ्यानं तर दर सुट्टीत विचारला. "जीभ नाई का तुले? घोट घे अन् सांग, खारं हाये का गोड." सुरुवातीला मी समजावून सांगत असे. खारं म्हणजे किती खारं, त्यात मीठ किती, चुना किती, हे जिभेला कळत नाही. त्याला तराजू लागतो, काचेच्या नळ्या लागतात, औषधं लागतात. म्हातारा सगळं मन लावून ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "म्हंजे खारंच ना?" दोनेक वर्षांनी मी नुसतं "हाव" म्हणून पुढे जाऊ लागलो.

आमचं गाव वरवट बकालच्या पुढे, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपट्ट्यात. जमीन काळीभोर, कापूस दृष्ट लागावी असा, पण विहीर कुठेही खणा, पाणी खारंच. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. तुरीची डाळ सकाळी चुलीवर ठेवली तर दुपारीही दाताखाली कचकन लागते. चहा तेव्हा नुकता घरोघर शिरत होता, आणि आमच्याकडचा चहा पिणाऱ्याला वाटायचं, कुणीतरी रागाच्या भरात केलाय.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक बऱ्या घरात दोन तऱ्हेचं पाणी असे. घरच्या विहिरीचं रांजणात, आणि गोडं पाणी तांब्याच्या गुंडात, तिवईवर, वर झाकण ठेवून. हे गोडं पाणी सोनाळ्याकडून, सातपुड्याच्या पायथ्याच्या विहिरींवरून बैलबंडीत घालून यायचं. आठ-दहा दिवसांतून एक खेप. ते पाहुण्यांसाठी आणि आजाऱ्यासाठी. नागपूरला गेल्यापासून मीही पाहुण्यांत मोडू लागलो होतो. बाकीचे सगळे रांजणातलं पीत.

या बाबतीत एक अलिखित कायदा होता. पाहुण्यासमोर आपलं पाणी खारं आहे हे कुणी बोलायचं नाही. मुलीकडचे लोक सोयरीक ठरवायला यायचे, गुंडातलं गार पाणी प्यायचे, "वा" म्हणायचे. हे पाणी इथलं नाही, हे त्यांना ठाऊक असे. त्यांना ते ठाऊक आहे, हे आमच्या लोकांना ठाऊक असे. तरी कुणी बोलत नसे. बोललं की सोयरीक मोडलीच. मुलगी लग्न होऊन यायची आणि हळद फिटली की तिला रांजण दाखवला जायचा. माझी माय अशीच आली होती, आणि तिचं माहेर तर सोनाळ्याचंच.

आता माझ्या प्रोफेसरांकडे वळतो, म्हणजे डोकं दुसऱ्या बाजूनं दुखायला लागेल. ते पुण्याकडचे. उंच, सडपातळ, बोलणं इस्त्री केलेलं. पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेत माझ्या तोंडून "मले पिपेट पायजे" असं निघून गेलं, तर त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, "हे कुठल्या भाषेत?" तेव्हापासून मी त्यांच्यासमोर वाक्य आधी मनात घोळवून मगच बोलत असे. त्यामुळे त्यांना मी मंद वाटू लागलो. म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात.

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी विषय त्यांनीच दिला. "तुमच्या जिल्ह्यात खारं पाणी आहे ना? त्याचंच पृथक्करण करा. नऊ गावांच्या नऊ विहिरी. पावसाळा संपल्यावर एकदा, हिवाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा. मीठ कसं कमीजास्त होतं ते दिसलं पाहिजे." मला आनंद झाला. जगातलं सगळं रसायनशास्त्र जर्मनीत आणि इंग्लंडात घडतं असं वाटायचं. त्यात आमच्या विहिरीलाही जागा होती. हा आनंद पुढे चार महिने टिकला.

दिवाळीच्या सुट्टीत पहिले नमुने मी स्वतः गोळा केले. नऊ गावं बंडीतून फिरलो. प्रत्येक गावात बाटली विहिरीच्या पाण्यानंच तीनदा विसळायची, मग गळ्यापर्यंत भरायची, बूच लावायचं, चिठ्ठी चिकटवायची. प्रत्येक गावात लोक गोळा व्हायचे आणि विचारायचे की मी भरलेलं पाणी ओतून का देतोय, डोकं ठिकाणावर आहे का. नवव्या गावात तर एकानं बंडी हाकायला आलेल्या माझ्या थोरल्या भावाला, दादालाच, बाजूला घेऊन विचारलं, पोराचं लग्न झालंय का, नसेल तर करून टाका म्हणजे सुधारेल.

पण आकडे सुंदर आले. ही तपासणी कशी होते ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मोजून घेतलेल्या पाण्यात पिवळ्या क्रोमेटचा थेंब टाकायचा आणि वरून काचेच्या नळीतून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं. पाण्यात मीठ असेल तोवर दुधासारखा पांढरा साका पडत राहतो. मीठ संपलं की पुढच्या एका थेंबानं सगळं पाणी विटकरी होतं. तिथं थांबायचं आणि किती थेंब लागले ते वाचायचं. आमच्या खारपट्ट्याच्या पाण्यानं नळीच्या नळ्या रिकाम्या केल्या. लढाई सुरू होती, परदेशी माल येणं थांबलं होतं, आणि प्रोफेसर सिल्व्हर नायट्रेटच्या बाटलीकडे घरातल्या आजारी माणसाकडे बघावं तसे बघायचे. पण नऊ विहिरींचे नऊ वेगळे आकडे पाहून खूश झाले. "पुढचे आणा," म्हणाले.

पुढचे नमुने पौषात. मला प्रयोगशाळा सोडता येईना, म्हणून दादाला पत्र लिहिलं. दोन पानांचं पत्र. काय करायचं, कसं करायचं, बाटली किती वेळा विसळायची, चिठ्ठी कुठं लावायची. दादा चौथी शिकलेला, पण शब्दाला पक्का. तो नऊ गावं फिरला, सगळं पत्राबरहुकूम केलं, बाटल्या घरी आणल्या, दुसऱ्या दिवशी लाकडी पेटीत कुटार, म्हणजे भुसा, भरून त्यात बसवल्या आणि शेगावहून रेल्वेनं पाठवून दिल्या. पेटी आली तेव्हा एकही बाटली फुटलेली नव्हती. मी मनात दादाला धन्यवाद दिले.

पहिली बाटली घेतली. क्रोमेट टाकलं, नळी उघडली, आणि दहा-बारा थेंबांत पाणी विटकरी झालं. मी चमकलो. दिवाळीत याच विहिरीच्या पाण्यानं जवळजवळ दोन नळ्या खाल्ल्या होत्या. पुन्हा केलं. पुन्हा तेच. दुसरी बाटली, तिसरी, नववी. नऊच्या नऊ तशाच. आणि नुसत्या तशा नव्हे, तंतोतंत सारख्या.

त्यानंतरचे तीन आठवडे मी कुणाला सांगण्यासारखे घालवले नाहीत. आधी सिल्व्हर नायट्रेटवर संशय घेतला, ते नव्यानं केलं. मग ऊर्ध्वपातित पाण्यावर घेतला, ते दोनदा काढलं. मग तराजूवर. तो काचेच्या कपाटातला तराजू इतका नाजूक, की वाऱ्याची झुळूक आली तरी काटा नाचायचा. म्हणून खिडक्या बंद करून घामाघूम होत वजनं करायची आणि घामाचा थेंब पारड्यात पडला की पहिल्यापासून सुरू. मग स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला आणि शेजारच्या टेबलावरच्या विद्यार्थ्याला रंग बघायला लावलं. त्यालाही तेच दिसलं आणि वर तो म्हणाला, "तुमच्याकडे पाणी चांगलं आहे की." सिल्व्हर नायट्रेटनं माझी दहाही बोटं काळी झाली. खानावळीतल्या बाईंनी माझं ताट लांबून सरकवायला सुरुवात केली.

एक गोष्ट मात्र त्या पाण्यात निराळी सापडली. किंचित क्षार होता, राखेच्या पाण्यात असतो तसा. तो कुठून आला हे कळेना. मी त्याच्यावर वहीची आठ पानं खर्ची घातली, तर्कावर तर्क. आज ती पानं आठवली की कानशिलं तापतात.

शेवटी आकडे प्रोफेसरांना दाखवावे लागले. त्यांनी वही उघडली, बोट वरून खाली फिरवलं, पुन्हा खालून वर फिरवलं.

"या नऊ विहिरी आहेत की एकच नळ आहे?"

मी वहीत डोकावलो.

"तुमच्या वसतिगृहाच्या नळाचं पाणी तपासून पाहिलंत का? बहुधा असंच येईल."

मग कळलं, ते काय म्हणतायत. मी खोलीत बसून बाटल्या भरल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. मी काहीतरी बोलायला गेलो, पण वाक्य मनात घोळवायच्या आत त्यांनी वही मिटली. "तीन महिन्यांत जमिनीतलं मीठ नाहीसं होत नाही. तेव्हा एक तर तुमचे दिवाळीचे आकडे बनावट आहेत, नाहीतर हे. दोन्हींपैकी काहीही असलं तरी मी या प्रबंधावर सही करणार नाही. होळीच्या आत मला खुलासा हवा."

सही नाही म्हणजे पदवी नाही. सहा वर्षं घरानं माझ्या वाट्याचं काम केलं होतं, दादानं एकट्यानं शेत रेटलं होतं, आणि आता गावात जाऊन सांगायचं काय? की पाण्यात मीठ आहे हे सिद्ध करता आलं नाही? ते तर पारावरचा म्हातारा जिभेनं सांगत होता.

मी दुसऱ्याच दिवशी गाडीत बसलो. शेगावला उतरून बंडीत बसलो तरी मी दादाला काय काय बोलायचं त्याची उजळणी करत होतो. त्यानं आळस केला असणार, एकाच विहिरीवर बसून नऊ बाटल्या भरल्या असणार. घरी पोचलो आणि ओसरीवरच त्याला धरलं. तो बिचारा बैलांना पेंड घालून येत होता. माझं सगळं बोलणं त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुह्या शपथ. नऊ गावं फिरलो. सोमवारी तिकडचे चार, मंगळवारी इकडचे पाच. तू लिहिलं तसंच केलं. लोक हासले तं हासू देले."

दादा खोटं बोलत नाही. मग चूक कुठं? मी कपाळाला हात लावून बसलो. तेवढ्यात आतून, चुलीपाशी भाकरी थापता थापता, माय सहज म्हणाली, "कोनत्या बाटल्या? त्या नागपूरच्या? त्या तं म्या भरल्या."

मी उठून आत गेलो. "तू भरल्या म्हंजे?"

"यानं आनलं थे पानी पायलं का तू कसं होतं? दोन बाटल्यांत तं खाली गाळ बसला होता. म्या रातीच समद्या ओतून देल्या. राखेनं घासल्या. अन् गुंडातलं गोडं पानी फडक्यानं तीनदा गाळून भरलं. चिठ्ठ्या नाई निघू देल्या, जपून घासल्या."

राखेनं. माझी आठ पानं.

"माय, थे तपासाचं पानी होतं. खारं हाये म्हनूनच तं तपासाचं होतं."

"तपासतीन म्हंजे तोंडाले लावतीनच ना कवातरी. तुह्या मास्तराले तुह्या हातून खारं पानी धाडू? थो काय म्हनन, याची माय कोन्या घरची हाये?" आणि मग जरा रागानंच म्हणाली, "समदा गुंड रिता झाला तुह्या नऊ बाटल्यांपायी. मंग दोन दिसांनी पाहुने आले तं शेजारून मांगून आनलं म्या."

माझ्यावर उपकार केले होते तिनं, आणि मी हात जोडावेत अशी तिची अपेक्षा होती. मी तिला समजावून सांगितलं. ती भाकरी उलटत ऐकत होती. सांगून झाल्यावर म्हणाली, "पन चांगलं पानी पाहून थे नाराज कायले होतीन?" मी जेवलो नाही. भांडण करून उपाशी राहणं हा आमच्या घरातला जुना उपाय आहे आणि त्याचा आजवर कधीही उपयोग झालेला नाही.

नागपूरला परत येऊन प्रोफेसरांना खुलासा दिला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग चष्मा पुसला. "मी वीस वर्षं शिकवतोय. बाटली फुटली, उंदरानं वही खाल्ली, सगळी कारणं ऐकली. आईनं नमुने ओतून दिले हे पहिल्यांदाच ऐकतोय." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "उन्हाळ्याचे नमुने घ्यायला मी स्वतः येतो. तुमच्या आईंना मी विचारीन. त्या हो म्हणाल्या तर प्रश्न मिटला."

मला इतकं हलकं वाटलं, की त्या रात्री मी झोपलो. केवढा मूर्ख होतो मी. घरी पाहुणा येणार होता, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही.

चैत्रात ते आले. शेगावला उतरले, बैलांच्या दमणीत बसले, आणि आम्ही पूर्णेच्या पात्रातून आलो. ऊन असं, की दादा बैलांच्या पाठीवर ओलं पोतं टाकत होता. प्रोफेसरांच्या बरोबर त्यांची स्वतःची पेटी होती. तिच्यात नऊ कोऱ्या बाटल्या आणि लाखेची कांडी. बुचांवर ते स्वतः मोहर लावणार होते. मी रस्ताभर दादाला सांगत होतो, मायला सांग, खरं ते सांगायचं, बाकी काही नाही. दादा मान डोलवत होता. त्याची मान नेहमीच डोलते.

ओसरीवर सतरंजी अंथरलेली. गावातले पाच-सहा जण आधीच येऊन बसलेले, त्यात पारावरचा म्हातारा सगळ्यांत पुढे, धुतलेला फेटा बांधून. पाय धुवायला पाणी दिलं गेलं. मग गूळ आला आणि घासून लखलखीत केलेल्या फुलपात्रातून पाणी आलं. वाळा टाकलेलं, गार. प्रोफेसरांनी एक फुलपात्र संपवलं, दुसरं मागितलं, तेही संपवलं.

"उत्तम पाणी आहे," ते म्हणाले. "इतकं चांगलं मी नागपुरातही पीत नाही." मग माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "हे कुठल्या विहिरीचं?"

मी तोंड उघडण्याआधी म्हाताऱ्यानं उघडलं. "इथलंच जी. आमच्या गावचं पानी पहिल्यापासून चांगलं हाये."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. सहा वर्षं या माणसानं मला जिभेवरून शहाणपण शिकवलं होतं. बाकीच्यांनीही माना हलवल्या. दादा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

"सर, हे खोटं आहे. विहिरीवर चला," मी म्हणालो.

"विहीर खारी असेलही," ते म्हणाले. "मी नुसती विहीर बघायला आलो नाही. तुम्ही सांगितलं ते खरं की खोटं, हे बघायला आलो. आधी तुमच्या आईंना विचारू."

माय दाराआड उभी होती, पदर कपाळावर ओढून. प्रोफेसरांनी मान किंचित झुकवून अगदी अदबीनं विचारलं, "बाई, हिवाळ्यात बाटल्या पाठवल्या होत्या, त्यातलं पाणी तुम्ही बदललंत का?"

पदर आणखी खाली आला. मग दाराआडून हळूच आलं, "नाई जी. म्या कायले बदलू? याच्या भावानं आनलं तेच धाडलं."

 प्रोफेसरांनी फुलपात्र खाली ठेवलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आकडे चुकले असते तर मी तुमच्याकडून पुन्हा करून घेतले असते. पण आईच्या नावावर खोटं बोललात, त्याला मी काय करू?" आणि दादाकडे वळून विचारलं, "संध्याकाळची गाडी मिळेल का?"

मी आत गेलो. माय चुलीपाशी उभी होती, हातात काही काम नव्हतं. मी आवाज दाबून बोलत होतो, पण ओसरीवर ऐकू जात होतंच.

"माय, काऊन खोटं बोलली?"

"पाहुना हाये रे. त्याच्या तोंडावर कसं सांगू? बदललं म्हनलं की थो इचारनच, काऊन बदललं. मंग सांगू का, आमी खारं पेतो म्हनून? समद्या गावादेखत?"

"नाई सांगितलं तं मले पदवी भेटत नाई. सहा वर्सं गेले माहे. थो आता जाऊन राह्यला."

ती चुलीकडे वळली. मग मी बोलू नये ते बोललो. "तुले तुह्या गोड्या पान्याचीच पडली हाये. माही नाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, रडेल. रडली नाही. पदराला हात पुसले, फळीवरचा रोजचा तांब्या काढला, चेपलेला, आणि रांजणात बुडवला. पदर सारखा केला आणि बाहेर गेली. ओसरीवर परक्या माणसांसमोर माय कधी आली नव्हती. ती सतरंजीच्या कडेपर्यंत गेली, वाकली आणि तांब्या प्रोफेसरांच्या समोर ठेवला.

"हे घ्या जी. हे आमचं पानी. बाटल्या म्याच बदलल्या."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. प्रोफेसरांनी तांब्या उचलला, घोट घेतला, आणि त्यांचा चेहरा आक्रसला. पाहुण्याचा चेहरा तसा झालेला आमच्या ओसरीवर पहिल्यांदाच कुणी पाहिला असेल. माय तिथंच उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग तो पुण्याचा, इस्त्रीचं बोलणारा माणूस एकेक घोट करत अख्खा तांब्या प्यायला. रिकामा तांब्या खाली ठेवून म्हणाला, "बाटल्या काढा. उजेड आहे तोवर दोन गावं होतील."

तीन दिवसांत नऊ बाटल्या भरल्या, मोहरा लागल्या. तीन दिवस माय ओसरीकडे फिरकली नाही. जेवायला दादाच वाढत होता. चौथ्या दिवशी प्रोफेसर निघाले तेव्हा ते दाराकडे तोंड करून "येतो, बाई" म्हणाले. आतून उत्तर आलं नाही. माझ्याशीही ती कामापुरतंच बोलली. मला तेव्हा तिचाच राग आला होता. झालं ना सगळं नीट, आता हिचं काय बिनसलंय, असं वाटत होतं.

उन्हाळ्याचे आकडे दिवाळीपेक्षा चढे आले. हिवाळ्याची जागा कोरी ठेवून प्रबंधावर सही झाली, पदवी मिळाली. काळ्या पुठ्ठ्यात बांधलेली एक प्रत घेऊन मी घरी गेलो. सगळ्या गावानं ती हातात घेऊन पाहिली. म्हाताऱ्यानं वजन करून पाहिलं आणि विचारलं, "मंग काय निघालं?" मी म्हणालो, "खारं."

दुपारी ओसरी रिकामी झाल्यावर माय आली. हात धुवून आली होती. "आपल्या इहिरीचं कोठी हाये?" मी पान काढून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, तिनं आकड्यांवरून बोट फिरवलं. "वाच." मी इंग्रजीतलं आमच्या बोलीत करून सांगितलं. मीठ इतकं, चुना इतका, कठीणपणा इतका. शेवटी शेरा होता, तोही अभिमानानं वाचला. "पिण्यास अयोग्य."

"अयोग्य म्हंजे?"

"मानसानं पेऊ नये असं."

तिनं पानावरचं बोट उचललं. मग म्हणाली, "असं होतं तं तुह्या मास्तराले माह्या हातानं काऊन पाजाले लावलं?"

मी सांगायला लागलो की त्याशिवाय त्यांना पटत नव्हतं, एका तांब्यानं माणसाला काही होत नाही. आणि बोलता बोलता माझी जीभ अडली. ज्या पाण्याचा एक तांब्या पाहुण्याला दिला म्हणून ती मला जाब विचारत होती, ते ती लग्न होऊन आल्यापासून रोज पीत होती. तिच्या ते ध्यानातही नव्हतं. माझ्याही नव्हतं. वर्षभर त्या पाण्याचा थेंब न् थेंब मोजला, पण ते पितं कोण हे लिहायला माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता. इतका राग मला तराजूचाही आला नव्हता, प्रोफेसरांचाही नाही, आणि तो काढायला समोर माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

ती उठली. आत जाऊन तिनं रांजणात तांब्या बुडवला आणि उभ्यानंच पिऊ लागली.

"माय," मी म्हणालो, "गुंडातलं पे ना."

"थे नाई," ती तोंड पुसत म्हणाली. "थे तुह्यासाठी भरून ठेवलं हाये."